उन्हाळ्यांतील फटफटीस्वाराची विजार

आमचे कांहीं माजी विद्यार्थी भर वैशाखांत साधी सुती विजार घालून फटफटीवरून गांवोगांव जातात, हें पाहून आम्हांस काळजी वाटते. डांबरी रस्त्यावर घसरतांच तें कापड क्षणांत फाटतें आणि कातडी सोलून निघते. चामडें घर्षण उत्तम सोसतें, पण या उन्हांत तें कोण नेसणार? म्हणून जाळीदार विजार घ्यावी. मात्र बैठक व गुडघे येथें वीण जाड असावी. २०२० च्या युरोपीय मानकांत ए, एए, एएए अशा चढत्या प्रती आहेत. लांबच्या प्रवासास एए बरी. गुडघ्यावरची गादी बसल्यावर सरकते कीं काय, हें पालकांनीं दुकानांतच मुलास वाहनावर बसवून पाहावें. हवा अंगाहून तापली म्हणजे जाळींतला वारा उलट भाजतो. तेव्हां आंतलें सुती वस्त्र भिजवून घ्यावें. कोंकणच्या दमट हवेंत मात्र या युक्तीचा फारसा उपयोग नाहीं.