एअर फिल्टर: खळ्यावरचे गैरसमज आणि इंजिनातली वस्तुस्थिती

दिवाळी सरली की किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भाताची मळणी सुरू होते. ट्रॅक्टरच्या पीटीओला थ्रेशर जोडायचा आणि अंधार पडेपर्यंत भारे टाकत राहायचं. पीटीओचा दांडा आखूड, त्यामुळे ट्रॅक्टरला थ्रेशरपासून लांब उभं करता येत नाही. कुसळं, भुसा आणि खळ्याची सुकी माती यांचा सगळा लोट इंजिन जिथून हवा घेतं तिथेच जातो. मळणी संपते न संपते तोच वीटभट्ट्यांची माती वाहायची, मग उन्हाळ्यात राबांची राख आणि मुरमाच्या खेपा. शहापूर-मुरबाडच्या ट्रॅक्टरला वर्षातले सात-आठ महिने धुळीतच काढावे लागतात. आणि या धुळीपासून इंजिनाला वाचवणाऱ्या फिल्टरविषयीच सर्वांत जास्त चुकीच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

गैरसमज: फिल्टर काढून चालवलं की ट्रॅक्टर जास्त ओढतो.

हा समज अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो सहजी जात नाही. थ्रेशर चालता चालता दम तोडतो, सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागतो. कोणीतरी फिल्टर काढून बाजूला ठेवतं आणि इंजिन लगेच मोकळं होतं. पाहणाऱ्याला वाटतं, अडचण फिल्टरचीच होती.

अडचण चोंदलेल्या फिल्टरची होती. डिझेल जळायला हवा लागते. हवा कमी पडली की अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर येतं. (काळा धूर जास्त लोडमुळे किंवा नोझल खराब झाल्यानेही येतो, पण पहिल्यांदा फिल्टर पाहावा, कारण त्याला पैसा लागत नाही.) स्वच्छ फिल्टर बसवला तरी तेवढाच जोर परत मिळतो.

फिल्टरशिवाय काय होतं ते हिशेबाने पाहा. तीन लिटर क्षमतेचं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, तर ते तासाला सव्वा लाख लिटरहून जास्त हवा ओढतं. खळ्यावरच्या हवेतली माती म्हणजे बऱ्याच अंशी सिलिका, लोखंड खरवडणारा पदार्थ. डोळ्याला न दिसणारे दहा-वीस मायक्रॉनचे कण पिस्टन रिंग आणि लायनर यांच्या मधल्या तेलात मिसळतात आणि तिथे व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतात. रिंगा सैल पडतात, ब्रीदरमधून वाफ येऊ लागते, इंजिन ऑइल पिऊ लागतं, धूर निळसर होतो. हे त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या हंगामात दिसतं, आणि तोवर फिल्टर काढल्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते. मग दोष ऑइलला दिला जातो, कंपनीला दिला जातो.

गैरसमज: टायरवाल्याकडे हवा मारून घेतली की कागदी फिल्टर नवा होतो.

टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा दाब १०० पीएसआयच्या पुढे असतो. फिल्टरच्या कागदाला साधारण ३० पीएसआयच्या आतच हवा द्यावी, असं बहुतेक माहितीपुस्तिका सांगतात. आपल्या ट्रॅक्टरचा आकडा त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा. हवा नेहमी आतून बाहेर मारायची, नळी कागदापासून दूर धरून. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते. नळी टेकवून मारली तर कागद फाटतो. ही फाट सुईच्या टोकाएवढी असते, वरून दिसत नाही, पण इंजिनाच्या ओढीने धूळ नेमकी तिथूनच आत जाते.

तपासायची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत टॉर्च लावून बाहेरून पाहायचं. कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला तर तो फिल्टर पुन्हा बसवायचा नाही. चाकावर किंवा दगडावर आपटूनही साफ करू नये. घडी वाकडी होते आणि रबरी कडा नीट बसत नाही.

अनेक ट्रॅक्टरांत मोठ्या फिल्टरच्या आत आणखी एक लहान फिल्टर असतो. बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवण्यासाठी तो ठेवलेला असतो. त्याला हवा मारायची नाही, धुवायचंही नाही. पुस्तिकेत सांगितल्या वेळी सरळ बदलायचा. ‘अडतो’ म्हणून हा लहान फिल्टर काढून टाकण्याची पद्धत मला सर्वांत घातक वाटते.

मोटरसायकल-स्कूटरवाल्यांनीही एक पाहून घ्यावं. अनेक गाड्यांत आता तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. हात लावला की चिकट लागतो. त्याला हवा मारली तर ते तेल उडून जातं आणि फिल्टर निकामी होतो. तो साफ करण्यासाठी बनवलेलाच नाही, बदलण्यासाठी आहे. स्पंजचा फिल्टर मात्र धुता येतो. पण पेट्रोलने नव्हे, साबणाच्या पाण्याने किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या द्रावणाने; नंतर वाळवून, तेलात बुडवून, पिळून बसवायचा.

गैरसमज: ऑइल बाथ फिल्टरला काही करावं लागत नाही, तेल भरलं की झालं, आणि जास्त भरलं तर चांगलंच.

जुने ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि नदीकाठचे डिझेल पंप यांवर अजून ऑइल बाथ आहे. त्यात हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आपटते आणि एकदम उलटी वर वळते. जड धूळ वळू शकत नाही, ती तेलात अडकते. बारीक धूळ वर तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकते आणि तेलाबरोबर थेंबथेंब वाटीत उतरते. रचना उत्तम आहे, पण सगळी मदार तेलाच्या पातळीवर. वाटीवर खूण असते. तेल खुणेच्या खाली गेलं तर हवा तेलाला न लागताच निघून जाते. वर गेलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं आणि डिझेलसारखं जाळायला लागतं. अशा वेळी फेरे आपोआप वाढत जातात आणि स्टॉप ओढूनही इंजिन बंद होत नाही, कारण स्टॉपने फक्त डिझेल तुटतं. हवा बंद केल्याशिवाय ते थांबत नाही.

पावसाळ्यात धूळ नसते म्हणून फिल्टर पाहायची गरज नाही, हाही याच समजाचा भाग. आषाढात टिलरने चिखलणी करताना पाणी उडतं, वाटीत शिरतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि तेल खुणेच्या वर उचललं जातं. म्हणून चिखलणीच्या दिवसांत वाटी रोज उतरवून पाहावी. तेल दुधाळ दिसलं तर फेकावं, वाटी पुसून नवं भरावं. मळणीतही रोज पाहावी. तळाशी गाळाचा थर बसला किंवा तेल घट्ट झालं की बदलावं.

गैरसमज: फिल्टर जितक्या वेळा साफ करू तितकं बरं.

कोरड्या फिल्टरच्या बाबतीत उलट आहे. थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक कण अडवतो. शिवाय प्रत्येक वेळी उघडताना आतल्या स्वच्छ बाजूला धूळ पडण्याची शक्यता असते. ज्यांच्या ट्रॅक्टरवर फिल्टर चोंदल्याचा लाल दिवा किंवा लाल पट्टीचा दर्शक आहे, त्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवावा. रोज करायचं काम वेगळं: फिल्टरच्या आधी जड धूळ अडवणाऱ्या प्री-क्लीनरची पारदर्शक वाटी ओतून रिकामी करणं आणि फिल्टरच्या डब्याखालचा रबरी व्हॉल्व्ह बोटांनी दाबून जमलेली धूळ पाडणं. फिल्टरला हात न लावता हे होतं.

गैरसमज: फिल्टर उघडणं हे मिस्त्रीचं काम.

माझ्या मते बाकीचे गैरसमज इथूनच वाढतात. ट्रॅक्टरमालक आळशी असतो म्हणून फिल्टर चोंदत नाही. मळणी तासावर भाड्याने चालते, पुढच्या खळ्यावर माणसं वाट पाहत असतात, आणि फिल्टर बॉनेटच्या आत अशा जागी असतो की पाना, स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास हवा. जे काढायला कठीण ते कोणी काढत नाही. म्हणून समजुतीइतकंच महत्त्व फिल्टर सहज निघण्याला द्यायला हवं, आणि त्यातलं बरंच आपल्या हातात आहे.

झाकणाच्या गंजलेल्या क्लिपा, जाम झालेली विंग नट, झिजलेला आटा हंगामाआधीच बदलून घ्यावा. हाताने फिरणारी विंग नट हरवली म्हणून साधी नट लावली की तिथून पान्याची गरज सुरू होते. झाकणावर आणि डब्यावर जुळणारी रंगाची रेघ मारावी, म्हणजे रबरी व्हॉल्व्ह बरोबर खालच्या बाजूला येतो. झाकण फिरून बसलं तर धूळ पडत नाही, डब्यातच साठते. ऑइल बाथच्या वाटीतली खूण दिसेनाशी झाली असेल तर ती पुन्हा ओरखडून घ्यावी. एक नवा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ट्रॅक्टरवर ठेवावा, म्हणजे खळ्यावर साफसफाई करत बसावं लागत नाही; जुना काढला, नवा लावला, जुन्याचं रात्री घरी पाहता येतं.

काढताना इंजिन बंद. आधी झाकणावरची आणि भोवतालची धूळ पुसायची, मगच क्लिपा सोडायच्या. फिल्टर हळू फिरवत बाहेर घ्यायचा. डबा आतून ओलसर फडक्याने पुसायचा. रबरी कडेवर तडा नाही ना ते बोटाने पाहायचं. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या पट्ट्या सैल असतील तर आवळायच्या, कारण तिथून शिरलेली धूळ कोणताच फिल्टर अडवत नाही.

आणि नवा किंवा जुना ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा हॉर्सपॉवर, मायलेज, हप्ता हे सगळं विचारून झालं की एक करा. बॉनेट उघडायला सांगा आणि विक्रेत्याला बाजूला ठेवून स्वतः फिल्टर काढून पुन्हा बसवून पाहा. हत्याराशिवाय निघाला का, बॅटरी किंवा रेडिएटरचा पाइप आड आला का, झाकण उलटं बसू शकतं का, तोच फिल्टर शहापूर, मुरबाड किंवा कल्याणच्या दुकानात मिळतो का. जुना ट्रॅक्टर असेल तर फिल्टरच्या पलीकडच्या पाइपात बोट घालून पाहा. बोटाला धूळ लागली, तर ते इंजिन कसं वापरलं गेलंय ते कळेल, आणि भाव त्याप्रमाणे ठरवा.