शिक्का कुणी मारला आणि कधी? रोबोच्या वेळेविषयीचे गैरसमज

‘संदेशावर टाइमस्टॅम्प आहे, म्हणजे घटना त्याच वेळी घडली’ हा रोबोटिक्समधला सर्वांत चिवट गैरसमज आहे. रोबो भिंतीला धडकला की नकाशा तपासला जातो, फिल्टरचे आकडे बदलले जातात, मोटरवर संशय घेतला जातो. वेळेकडे मात्र कुणी पाहत नाही. वस्तुस्थिती साधी आहे. टाइमस्टॅम्प म्हणजे प्रोग्राममधल्या एखाद्या ओळीने भरलेला आकडा. ती ओळ सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये, मोजमापाच्या क्षणाला लागून असेल, तर आकडा विश्वासाचा. संदेश रांगेत थांबून कॉलबॅकपर्यंत, म्हणजे तो हाताळणाऱ्या फंक्शनपर्यंत आला आणि तिथे ‘आत्ताची वेळ’ भरली, तर तो आकडा घटनेविषयी काहीच सांगत नाही. आरओएस या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअर-चौकटीच्या संदेशव्याख्यांतच लिहिलेलं आहे, की कॅमेऱ्याच्या प्रतिमेवर ती टिपल्याची वेळ हवी आणि लायडारच्या फेरीवर पहिल्या किरणाची. रोबो सेकंदाला ९० अंश वळत असताना ५० मिलिसेकंदांची चूक झाली, तर दिशा साडेचार अंशांनी चुकते आणि ५ मीटरवरची भिंत सुमारे ३९ सेंटिमीटर सरकलेली दिसते. मग दोष नकाशाला का द्यायचा?

हा फरक किती मूलभूत आहे, ते सातारा-सांगलीच्या सीमेवरच्या कोयना-वारणा परिसरात दिसतं. तिथे भूकंपमापक जमिनीवर आहेत, तसेच सुमारे दीड किलोमीटरपर्यंत खोल विवरांतही आहेत. भूकंपाचं केंद्र ठरतं ते वेगवेगळ्या ठिकाणी लहरी कधी पोहोचल्या, यावरून. प्राथमिक लहर खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते. म्हणजे एका भूकंपमापकाच्या घड्याळात एका सेकंदाची चूक झाली, तर अंतराचा हिशेब तेवढ्याच किलोमीटरनी बिघडतो. म्हणून वेळेची नोंद उपकरणापाशीच व्हावी लागते. माहिती संशोधन केंद्रात कधी पोहोचली, याला या हिशेबात स्थान नाही. रोबोच्या सेन्सरला वेगळा नियम का असावा?

‘सगळं एकाच संगणकावर आहे, उशीर नगण्य असतो’, असा आक्षेप घेतला जातो. उशीर ठरावीक असता, तर तो मोजून वजा करता आला असता. सेन्सर स्वतः वेळ देत नसेल आणि त्याचा उशीर ठरावीक असेल, तेव्हा तेच करावं. पण रांगेतला उशीर दरवेळी वेगळा असतो. आरओएस २ मध्ये सुरू झालेला कॉलबॅक मध्येच थांबवून एक्झिक्युटर, म्हणजे कॉलबॅक चालवणारा भाग, दुसरा चालवत नाही. डॅनियल कासिनी आणि सहकाऱ्यांनी २०१९च्या ईसीआरटीएस परिषदेतल्या निबंधात हे वर्तन तपशीलवार मांडलं आहे. त्यामुळे ‘१० मिलिसेकंदांचा टायमर बरोबर १० मिलिसेकंदांनी चालतो’ हाही भ्रमच. एकाच थ्रेडवर प्रतिमेच्या कॉलबॅकने ४० मिलिसेकंद घेतले, तर टायमर तेवढा वेळ अडकतो आणि चुकलेले ठोके नंतर भरून निघत नाहीत. आणि तरीही वेग काढताना सर्रास ०.०१ सेकंद गृहीत धरले जातात! दोन संदेशांच्या टाइमस्टॅम्पमधला खरा फरक वापरा.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘थ्रेड वाढवले की टायमर सुधारतो.’ नाही, कॉलबॅक एकाच परस्परवर्जक गटात असतील, तर ते तरीही एकामागोमाग एकच चालतात.

‘एनटीपी लावलं की वेळ बरोबर.’ त्याने संगणकांची घड्याळं नेटवर्कवरून जुळतात. शिक्का उशिरा मारला असेल, तर तो उशिराचाच राहतो.

‘घड्याळ पुढेच जातं.’ संगणकाचं घड्याळ जुळवताना मागेही सरकू शकतं. कालावधी मोजायला कधीच मागे न जाणारं एकदिश घड्याळ वापरा.

‘सिम्युलेशनमध्ये टायमर बिघडला.’ बहुधा सिम्युलेशनची वेळ वापरायची सेटिंग चालू असते आणि ती वेळ कुणी पाठवतच नसतं. नोडची वेळ शून्यावर उभी राहते.

‘तारीख जुळत नाही, म्हणजे नोंद चुकीची.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. जागतिक वेळेनुसार तेव्हा १० डिसेंबरची रात्र होती.

दोष शोधायला बसलात की पहिला आलेख संदेश मिळाल्याची वेळ आणि त्यावरचा टाइमस्टॅम्प यांतल्या फरकाचा काढा. फरक वरखाली होत असेल, तर रांग आणि कॉलबॅक तपासा. तो जवळजवळ शून्यावर चिकटून असेल, तर शिक्का पोहोचल्यावर मारला जात असल्याची दाट शंका घ्या. फिल्टरला हात लावायचा तो त्यानंतर.