घागर, घाम आणि खानदेशचा उन्हाळा

वैशाख शुद्ध तृतीयेला सारा महाराष्ट्र अक्षय्यतृतीया म्हणतो. खानदेशात तिला आखाजी म्हणतात. त्या दिवशी शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावी पितरांच्या नावाने नवी घागर पुजली जाते व तिच्यावर डांगर ठेवतात. नवीच घागर का, असा प्रश्न आम्हांस लहानपणी पडत असे. धर्मशास्त्राचे उत्तर काहीही असो, व्यवहाराचे उत्तर मात्र मातीत आहे.

मातीच्या भांड्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून काढून घेतली जाते. वर्षभरात पाण्यातील क्षार छिद्रांत बसतात, घागर पाझरेनाशी होते आणि मग ती गारही करीत नाही. शोभेसाठी बाहेरून तैलरंग फासलेला माठ तर पहिल्या दिवसापासून निरुपयोगी! मुंबईच्या दमट हवेत हाच माठ खानदेशातल्यासारखा गार पाणी देत नाही, कारण तेथील हवा आधीच बाष्पाने भरलेली असते.

आपले शरीर ही अशीच एक पाझरती घागर होय. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. सात लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्यास जवळजवळ एवढीच लागते. मात्र घाम वाळला तरच हा लाभ. निथळून खाली पडलेला घाम वायाच गेला. येथेच खानदेशी माणूस फसतो. कोकणात सदरा ओलाचिंब होतो, म्हणून माणसाला घामाची जाणीव असते. आमच्याकडे ४२-४३ अंशांच्या कोरड्या वाऱ्यात घाम येताक्षणीच उडून जातो. “मला कोठे घाम आला?” असे म्हणणारा शेतमजूर तासाभरात लिटरभर पाणी गमावून बसलेला असू शकतो. तहान लागेपर्यंत थांबणे म्हणूनच धोक्याचे. घामाबरोबर मीठही जाते. पन्हे आणि मीठ घातलेले ताक यांचे महत्त्व तेवढ्यासाठी आहे. खिशातल्या कांद्याचे म्हणाल, तर तो भाकरीबरोबर खावा हे उत्तम.

पंख्याविषयीही एक गैरसमज आहे. पंखा हवा थंड करीत नाही, ती हलवितो. हवा अंगापेक्षा गरम झाली आणि अंगावर ओल नसली, तर तो उलट गरम झोतच अंगावर सोडतो. वृद्धांना घाम कमी येतो. त्यांच्या अंगावर आधी ओले फडके फिरवावे, मग पंखा लावावा. जाड भिंतींचे धाब्याचे घर दुपारची उष्णता रात्रीपर्यंत अडवून धरते, म्हणून जुनी माणसे रात्री अंगणात खाट टाकीत. पत्र्याच्या घराला ही सवड नाही. ते दुपारीच तापते.

२०१० च्या मे महिन्यात शेजारच्या अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्म्याच्या दिवसांसाठी पूर्वसूचनेची योजना आखली.

उष्माघाताची खूण घाम थांबणे एवढीच नव्हे. कष्ट करणाऱ्याला घाम येत असूनही तो होतो. माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, की सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला कळवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

“बारा ते चार बाहेर पडू नका” हा सल्ला सावलीत बसून व्याख्यान ऐकणाऱ्या आपणां सर्वांना सोपा आहे. रोजावर जाणारी बाई तो कसा पाळणार? कामाची वेळ तिच्या हाती नाही, शेतमालकाच्या हाती आहे. त्याने पहाटे काम सुरू करून अकराला सुट्टी द्यावी, रोज कापू नये. आणि घागर दूरच्या निंबाखाली न ठेवता, जेथे काम चालू आहे त्या बांधावर, ओले गोणपाट गुंडाळून ठेवावी. म्हणजे पाणी पिण्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागणार नाही.