बाजाराचा दिवस आणि सरासरी : स्प्रेडशीटवर व्यावसायिक संख्याशास्त्र शिकताना

स्मरणिकेसाठी वाणिज्य शाखेनेही काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा निकालाचे तक्ते छापावेत काय, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. ते तक्ते कार्यालयात आहेत; ज्यांना पाहावयाचे असतील त्यांना ते केव्हाही पाहता येतील. त्याऐवजी संगणक कक्षात आठवड्याच्या दोन तासिकांना आम्ही जे शिकवतो, आणि शिकवता शिकवता स्वतः जे शिकलो, ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे मांडावे असे ठरले. विषय प्राथमिक व्यावसायिक संख्याशास्त्राचा आहे आणि साधन आहे स्प्रेडशीट. कोणी ते एक्सेल म्हणून ओळखतात. आमच्या कक्षातील जुन्या संगणकांवर मोफत मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क आहे. या लेखापुरता दोहोंत फरक नाही.

स्प्रेडशीट म्हणजे रकाने आणि ओळी आखलेली वहीच. फरक इतकाच की या वहीतला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलतात. ही कल्पना एका विद्यार्थ्याला सुचलेली आहे. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्डमध्ये व्यवस्थापनशास्त्र शिकत असताना फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्यांनी पाहिले. त्यातून बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत त्यांनी केलेले ‘व्हिझिकॅल्क’ 1979 मध्ये बाजारात आले. एक्सेल 1985 चे. खाडाखोडीचा कंटाळा हा किती मोठ्या कामाचा उगम ठरू शकतो, हे आमच्या मुलांना ऐकायला आवडते.

परंतु या सोयीतच धोकाही आहे. पूर्वी सरासरी काढायची तर बेरीज करावी लागे, भागाकार करावा लागे, आणि तेवढ्या वेळात आकडे डोळ्यांखालून जात. आता ‘ॲव्हरेज’ लिहून कंसात पहिल्या आणि शेवटच्या घराचे नाव दिले की क्षणात उत्तर हजर होते. उत्तर लवकर आले म्हणजे प्रश्न समजला, असा समज मुलांचा होतो; खरे सांगायचे तर आरंभी आमचाही होता. तो दूर झाला एका चहाच्या गाड्यामुळे.

अकरावीच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा तालुक्याच्या गावी चहाचा गाडा आहे. घरच्या धंद्याचे आठवडाभराचे आकडे आणा, असे आम्ही वर्गाला सांगितले होते. त्याने आणलेले आकडे गणितास सोपे जावेत म्हणून आम्ही थोडे गोल करून येथे देत आहोत. सहा दिवसांचे कप अनुक्रमे 90, 110, 100, 95, 105 आणि 100. सातवा दिवस आठवडी बाजाराचा, त्या दिवशी 450. बेरीज 1050. सातने भागले की सरासरी, म्हणजेच मध्य, 150 कप. मुलाने अभिमानाने वहीत लिहिले : ‘आमचा गाडा रोज 150 कप चहा विकतो.’

आता आकड्यांकडे पुन्हा पाहावे. सातांपैकी एकाही दिवशी गाड्यावर 150 कप विकले गेलेले नाहीत. सहा दिवस विक्री त्यापेक्षा बरीच कमी आहे आणि एक दिवस तिप्पट. हेच आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले, तर बरोबर मधला आकडा येतो 100. यास मध्यक म्हणतात. स्प्रेडशीटमध्ये त्याचे सूत्र ‘मीडियन’. गाड्यावरचा नेहमीचा दिवस कसा असतो, हे येथे मध्यक सांगतो. मध्य सांगत नाही. एका टोकाच्या आकड्याने मध्य आपल्याकडे ओढून घेतला आहे.

पालकसभेस ते गृहस्थ आले तेव्हा आम्ही हा हिशेब त्यांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “सर, सरासरीनं दूध कोण घेतं? बाजाराच्या दिवशी जास्तीचं, बाकीच्या दिवशी ठरलेलं.” जे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक होते तेच आम्ही सूत्र लावून हरवून बसलो होतो.

पुढे मात्र त्यांनी एक वही काढली आणि गोष्ट गंभीर झाली. गाड्यासाठी त्यांनी कर्ज घेतले होते. कर्ज देणाऱ्याने आठवड्याचा धंदा विचारला, सातने भागला आणि रोजचा हप्ता 200 रुपये ठरवला. एका कपामागे 4 रुपये सुटतात असे धरले तर 150 कपांचे 600 होतात. घरखर्च रोज 300. म्हणजे 200 चा हप्ता देऊनही 100 उरावेत. कागदावर यात काहीच चूक नाही. प्रत्यक्षात नेहमीच्या दिवशी 400 सुटत. घरखर्च जाऊन 100 उरत आणि हप्त्यास 100 कमी पडत. आठवड्यातून सहा दिवस कमी! मग हात-उसने, मग उशिराचा दंड, आणि बाजाराच्या दिवसाची कमाई मागच्या दिवसांची तोंडे मिटवण्यात जाई. हा माणूस उधळा नव्हता, त्याचा धंदाही तोट्यात नव्हता.

त्या आठवड्यात वर्गाने दुसरे काही केले नाही. संपूर्ण आठवड्याचा हिशेब एका पानावर मांडला : नफा 4200, घरखर्च 2100, हप्ते 1400, शिल्लक 700. पैसा पुरेसा आहे. तो येतो मात्र एका दिवशी. म्हणून रोजच्या 200 ऐवजी बाजाराच्या संध्याकाळी एकदम 1400 भरावेत, असा रकाना मुलांनी तयार केला. त्यात एकही दिवस उणा येत नव्हता. ते पान छापून विद्यार्थ्याने वडिलांच्या हाती दिले. हप्ता आठवड्याचा करून मिळाला. पानामुळेच मिळाला असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते गृहस्थ बोलण्यातही पटाईत आहेत.

विखुरलेपणाचा धडा त्यानंतर वेगळा शिकवावा लागला नाही. प्रत्येक आकडा मध्यापासून किती दूर आहे ते पाहायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज एकूण आकड्यांपेक्षा एकने कमी अशा संख्येने भागायची आणि वर्गमूळ काढायचे. हे प्रमाण विचलन. बाजाराचा दिवस धरला तर ते सुमारे 132 कप येते. तो दिवस बाजूला ठेवला तर उरलेल्या सहा दिवसांचे केवळ 7. ज्या सरासरीचे विचलन जवळजवळ तिच्याएवढेच आहे, तिच्यावर हप्ता ठरवू नये, हे मुलांना तेथेच उमगले. एकने कमी का, हा प्रश्न दरवर्षी येतो. हा एक आठवडा आपण सगळ्या आठवड्यांचा नमुना म्हणून वापरतो, आणि नमुन्यातील अंतरे नमुन्याच्याच मध्यापासून मोजल्यामुळे थोडी कमी भरतात. ती तूट त्या एकने भरून निघते. स्प्रेडशीटमध्ये यासाठी दोन सूत्रे आहेत : शेवटी ‘एस’ असलेले नमुन्यासाठी, ‘पी’ असलेले समग्र समूहासाठी. ‘पी’ वापरले तर 132 ऐवजी सुमारे 123 येतात. कोणते वापरायचे, हे संगणक विचारत नाही.

रिकामे घर आणि शून्य यांतील भेदही असाच. समजा, 110 कपांच्या दिवशी पाऊस आला आणि गाडा बंद राहिला. ते घर रिकामे सोडले तर संगणक सहा दिवसांनीच भागतो आणि सरासरी सुमारे 157 येते, म्हणजे गाडा बंद राहूनही सरासरी वाढते. तेथे शून्य लिहिले तर सातने भागून 134. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. गाडा उघडल्यावर किती खपते हे हवे असेल तर पहिले घ्यावे, आणि घर सातही दिवस चालवायचे असेल तर दुसरे. याच अंगाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1918 मधील भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधाची ओळख आम्ही वर्गात करून देतो. केवळ क्षेत्रफळाच्या आकड्यावरून जमीन लहान की मोठी हे ठरत नाही, त्या जमिनीवर किती श्रम आणि किती भांडवल लागू शकते हे पाहावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकर मोजणे सोपे, म्हणून प्रश्नही एकरांचाच होता असे होत नाही.

सहसंबंधाचा गुणांक शिकवण्याआधी आम्ही आलेख काढायला लावतो. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी 1973 मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांत एका चलाचा मध्य 9, दुसऱ्याचा 7.5, आणि सहसंबंध सुमारे 0.816. आलेख काढला की पहिल्यात सरळ रेषेभोवती विखुरलेले ठिपके, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात नीट रेषा आणि तिच्यापासून सुटलेला एकच ठिपका, चौथ्यात उभी ओळ आणि दूर कोपऱ्यात एक ठिपका. मुले हे आकडे स्वतः भरतात. चौथा आलेख पडद्यावर उमटला की वर्गात जो गलका होतो, तो शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना चांगलाच परिचित आहे.

मुलांची सर्वांत आवडती हकीकत मात्र निराळी आहे. 2010 मध्ये कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांचा सरासरी विकासदर उणे 0.1 टक्का होता. काटकसरीची धोरणे पुढे रेटणाऱ्यांनी या निष्कर्षाचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून तेच गणित पुन्हा करीत होता. उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीचे सूत्र 30 ते 49 या ओळींऐवजी 30 ते 44 एवढ्याच ओळी घेत होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. त्याहून मोठा फरक इतर कारणांनी पडला होता : काही वर्षांचे आकडे गाळलेले होते, आणि न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या 19 वर्षांइतकेच वजन मिळाले होते. हर्न्डन आणि त्याच्या प्राध्यापकांनी 2013 मध्ये काढलेली सुधारित सरासरी अधिक 2.2 टक्के होती. सूत्राच्या घरावर दोनदा टिचकी मारून त्याने कोणत्या ओळी घेतल्या आहेत ते पाहण्याची सवय आमच्या मुलांना या हकीकतीनेच लागली; आमच्या उपदेशाने लागली नव्हती.

यंदाच्या वर्गाने 14 एप्रिलच्या जयंतीच्या वर्गणीची वही घेतली आहे. काही मोजक्या मोठ्या देणग्यांमुळे मध्य फुगलेला आहे. सर्वाधिक वेळा आलेला आकडा, म्हणजे बहुलक, 100 रुपयांचा आहे. पुढील वर्षी घरटी किती वर्गणी सुचवावी, या प्रश्नावर मुलांचे दोन गट पडले असून वाद अद्याप मिटलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची आज दुकाने आहेत, वाहने आहेत, बचत गटांचे हिशेब काहींच्या हाती आहेत. पाठ्यपुस्तकातील आकड्यांपेक्षा आपल्या वह्यांतील आकडे मुलांना अधिक शिकवतील. एका महिन्याची रोजची विक्री पुरेशी आहे. गिऱ्हाइकांची नावे व उधारी खोडून पाने पाठवावीत, आणि धंदा बंद राहिलेल्या दिवशी घर रिकामे न ठेवता ‘बंद’ असे स्पष्ट लिहावे.