ताप गेला, पण थकवा जाईना : लॉन्ग कोविडविषयी थोडेसे



अमेरिकेतली कोविडची आणीबाणी ११ मे २०२३ रोजी अधिकृतपणे संपली. मंडळाचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रमही केव्हाच पूर्वीसारखे भरू लागले. तरी ओळखीतले काही चेहरे अजून दिसत नाहीत. फोन केला तर घरचे म्हणतात, "तसं बरं आहे, पण लवकर दमतो." या दमण्यामागे काय असू शकते, आणि इथे राहून आपण त्याचे काय करू शकतो, ते पाहू. आम्ही डॉक्टर नव्हे, संगणकवाले. त्यामुळे ही माहिती डॉक्टरकडे जाण्यापूर्वीची तयारी समजावी, सल्ला नव्हे.

लॉन्ग कोविड म्हणजे काय?

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली होती, ती गावाकडच्या मंडळींना आठवत असेल. ताप काही दिवसांत उतरला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. विषाणूचा आजार सरल्यावर त्रास मागे राहणे ही नवी गोष्ट नाही. कोविडच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणावर घडले, एवढेच.

'लॉन्ग कोविड' हे नाव डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनी दिले. इटलीच्या पुरातत्त्व संशोधक एलिसा पेरेगो यांनी मे २०२० मध्ये ते प्रथम वापरले. त्याच महिन्यात रुग्णांच्या एका गटाने ६४० जणांची पाहणी करून स्वतःच अहवाल काढला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. त्यानुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे लॉन्ग कोविड.

लक्षणांची यादी लांब आहे : थकवा, धाप, छातीत धडधड, झोप बिघडणे, वास न येणे, आणि 'ब्रेन फॉग', म्हणजे डोक्यात धुके भरल्यासारखे होऊन साधा शब्दही वेळेवर न आठवणे. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला हे किती जड जात असेल, ते वेगळे सांगायला नको.

किती जणांना?

सीडीसीच्या २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत ६.९ टक्के प्रौढांनी हा त्रास कधी ना कधी झाल्याचे सांगितले, आणि ३.४ टक्क्यांना तो त्या वेळी चालू होता. हाच हिशेब लावला तर ३०० प्रौढांच्या मंडळात दहा जण. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त, आणि वयोगटांत ३५ ते ४९ चा गट सर्वांत पुढे. म्हणजे नोकरी, मुले आणि घराचे कर्ज एकदम सांभाळणारे वय! आधीचा कोविड अगदी सौम्य असला तरी हे होऊ शकते. लसीमुळे धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

कारण एकच आहे असे दिसत नाही. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, बिथरलेली प्रतिकारशक्ती, रक्तातल्या सूक्ष्म गुठळ्या, नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेतला बिघाड अशा अनेक दिशांनी संशोधन झाले आहे. अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये यासाठी १.१५ अब्ज डॉलर मंजूर केले आणि त्यातून 'रिकव्हर' हा प्रकल्प उभा राहिला. मात्र निदानाची एकच खात्रीशीर तपासणी किंवा एकच रामबाण गोळी अजून हाती आलेली नाही.

"थोडं चालून ये, बरं वाटेल"

आपल्याकडचा हा प्रेमाचा सल्ला इथे उलटू शकतो. लॉन्ग कोविडच्या बऱ्याच रुग्णांत श्रम केल्यावर त्रास वाढतो, आणि तोही लगेच नाही, बहुधा १२ ते ४८ तासांनी. शनिवारी कार्यक्रमात हौसेने खुर्च्या लावल्या, तर सोमवारी अंथरुणातून उठवत नाही. कारण आणि परिणाम यांत दीड दिवसाचे अंतर पडल्यामुळे रुग्णालाही दुवा लागत नाही. म्हणून रोज काय केले आणि कसे वाटले, याची दोन ओळींची नोंद ठेवावी. बग शोधताना आपण लॉग पाहतो ना, तसेच. मग आपली मर्यादा कळते आणि तिच्या आत राहून कामे वाटून घेता येतात. हा आळस नव्हे, पथ्य आहे.

डॉक्टरकडे जाताना

ही नोंद सोबत न्यावी. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह आणि बी-१२ यांच्या तपासण्यांविषयी जरूर विचारावे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते, आणि तिचा थकवाही असाच असतो. उभे राहिल्यावर धडधड किंवा चक्कर येत असेल तर तेही सांगावे. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर डॉक्टर त्याचा वेगळा विचार करतात. इन्शुरन्ससाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून 'यू०९.९' हा स्वतंत्र कोड आहे.

वास गेला असेल तर एक सोपा सराव घरी करता येतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, लक्षपूर्वक घ्यायचे. निदान तीन महिने चिकाटी हवी. काहींना कांदा, लसूण किंवा कॉफीचाच वास घाण येऊ लागतो. अशा वेळी फोडणीला नाक मुरडणाऱ्यावर रागावू नये! मात्र घरात धुराचा आणि गॅसचा अलार्म चालू आहे ना, हे आधी पाहावे.

नोकरी आणि व्हिसा

खरी भीती इथे असते. मॅनेजरला सांगितले तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर एच-१बी जाईल, म्हणून माणूस गप्प राहतो आणि खचत जातो. पण कायदा अगदीच विरोधात नाही. दैनंदिन जगण्यावर मोठी मर्यादा येत असेल तर लॉन्ग कोविड हे अपंगत्व मानले जाऊ शकते, असे सरकारने २६ जुलै २०२१ रोजी स्पष्ट केले. १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीकडे डॉक्टरांच्या पत्रासह कामाच्या वेळेत बदल, मधली विश्रांती किंवा घरून काम अशी सोय मागता येते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत एक वर्ष आणि १,२५० तास काम झाले असेल, तर वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी वैद्यकीय रजेचा हक्क बहुतेकांना मिळतो. तो एच-१बीवाल्यांनाही आहे. आजारपणामुळे आपणहून घेतलेली रजा, नोकरी कायम असेल तर, सहसा व्हिसाच्या आड येत नाही. तरी अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्यावे.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? भारतात वाडा किंवा चाळ असती तर शेजारणीने न विचारता डबा आणून दिला असता. इथे दारे बंद असतात, म्हणून फोन आपणच करायचा. "दिसायला तर ठणठणीत आहेस" हे वाक्य तेवढे टाळावे. त्याऐवजी "गुरुवारी मुलांना मी आणतो" किंवा "रविवारी वरण-भात पाठवते" म्हणावे. पुढच्या कार्यक्रमाला कोणी अर्धाच तास येऊन गेले, तर लवकर का निघालात म्हणून अडवू नका. त्या अर्ध्या तासासाठी त्यांनी कदाचित आठवडाभर ताकद जपून ठेवली असेल.

काळजी घ्या, आणि एकमेकांचीही घ्या.