बातमी मोबाईलवर, भरवसा बांधावर

पिंपरी पेंढारला आता बहुतेक घरी मोबाईल आहे. हवामान, नारायणगावचा टोमॅटोचा भाव, फवारणीचा सल्ला, सारे खिशात. पण टोमॅटोची पाने आकसू लागली की तुम्ही काय करता? ज्याचा प्लॉट दरसाल साधतो, त्याच्याकडे पान तोडून नेता. तो ‘हं’ म्हणाला की मगच औषध आणता.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील आयोवात संकरित मका कसा पसरला, हे रायन व ग्रॉस या अभ्यासकांनी १९४३ साली मांडले. बियाण्याची वार्ता अनेकांना विक्रेत्याकडून कळली. पेरण्याचा धीर आला तो शेजाऱ्यामुळे.

आपल्या पुण्यात तर याचा प्रयोगच झाला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, वाद घालत, शंका केंद्राला कळवत. पॉल न्यूरथ यांनी पाहणी केली, तेव्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत माहिती कितीतरी अधिक वाढलेली आढळली.

मोबाईलने ही बैठक मोडली. जो तो एकटा वाचतो आणि पुढे धाडतो. मे २०२० आठवा. टोमॅटोवर रोग आला, त्याला ‘तिरंगा’ नाव पडले, आणि तो माणसालाही बाधतो अशी आवई उठली. तीही ऐन टाळेबंदीत! बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यात मुख्यतः काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू निघाला. तो मावा पसरवतो. झाडाचा रोग, माणसाला लागत नाही.

अशी आवई परक्याने धाडली तर फारसे कोणी बघत नाही. गावातल्या जाणत्याने पुढे ढकलली, की ती घरोघर खरी होते. गिऱ्हाईक टोमॅटो टाळते आणि तोडणीची मजुरीही अंगावर येते.

तुमचा शब्द गावात चालत असेल, तर संदेश धाडण्याआधी त्याची तारीख पाहा, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. औषध सुचवणारा स्वतःच ते विकतो का, हेही बघा. पुष्कळदा विकतोच! आणि मिळालेले उत्तर गटावर जरूर टाका. एरवी शंका तेवढी फिरते, उत्तर मागेच राहते.

आणखी एक. पानामागचा मावा पुष्कळदा प्रथम दिसतो तो खुरपणाऱ्या बाईला. शेतीच्या गटात मात्र तिचा नंबर क्वचितच असतो. यंदा लागवडीआधी तो घाला.