आधी भाषा, मग लग्न!

स्वतःचा फ्लॅट हवा, नोकरी याच शहरात हवी... लग्नाच्या अटी आपल्याला पाठ आहेत. पण ‘आधी भाषा शीक, मग लग्न करू’ ही अट ऐकलीय? जिम एलियट या अमेरिकन मिशनऱ्यानं ती चक्क आपल्या एलिझाबेथला घातली होती.

१९५२मध्ये दोघं इक्वेडोरला आले. कॉलेजात दोघंही ग्रीक शिकलेले, पण क्विटोत पुन्हा श्रीगणेशा! तिथल्या कुटुंबांत वेगवेगळं राहून त्यांनी स्पॅनिश गिरवलं. जिमला मात्र जंगलात काम करायचं होतं आणि तिथले लोक बोलायचे किचुआ. अट होती ती या किचुआची. एलिझाबेथनं त्साचिला लोकांच्या भाषेवरही मेहनत घेतली होती. त्या नोंदींची अख्खी सुटकेस चोरीला गेली. बॅकअप कुठला असायला?

८ ऑक्टोबर १९५३ला, जिमच्या सव्विसाव्या वाढदिवशी, क्विटोत लग्न झालं. ८ जानेवारी १९५६ला वाओरानी लोकांशी संपर्क साधायला गेलेल्या जिमसह पाच मिशनऱ्यांना त्यांनी भाल्यांनी मारलं. लेक तेव्हा दहा महिन्यांची होती.

कुणाच्या जंगलात न बोलावता धर्म घेऊन जावं का, हा प्रश्न मला पडतोच. पण १९५८मध्ये एलिझाबेथ लेकीला घेऊन त्याच वाओरानींमध्ये राहायला गेली आणि त्यांची भाषा शिकू लागली. या वेळी अट घालणारं कुणीच नव्हतं.